एकास एक

दादांच्या वहीला कोळशाचा वास नव्हता,
डांबरगोळ्यांचा होता.
पगारपत्रकावर ते रोगुविरा, घरी रघुवीर,
मुरगावच्या धक्क्यावर नुसते टॅली.
काम एकच : चढेल-उतरेल त्याच्या चार उभ्या रेघा,
पाचवी आडवी.
मँगनीज. काजू. सिमेंट.

ऑक्टोबर त्रेचाळीसच्या पानावर
मालाच्या जागी लिहिलंय : माणसं.

दोन जहाजं लागली होती, एकामागे एक.
स्वीडनचं पांढरं, अमेरिकेहून जपानी घेऊन आलेलं;
दुसरं जपानचं, त्यात अमेरिकन.
दर्यात जो तो दुसऱ्याला बुडवत होता
आणि एवढा धक्का कुणाच्याच बाजूचा नव्हता.
आमच्याही नव्हता, दादा म्हणायचे.
खारीवाड्यात बायका दिवाळीचे फोव कांडत होत्या,
इथं दोन रांगा एकमेकींजवळून सरकत होत्या,
या बोटीतून त्या बोटीत.
एक गेला की एक आला.
कुणी कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही.
अमेरिकनांच्या पाटलोणी दोरीनं बांधलेल्या,
पांढऱ्या बोटीवर त्यांच्यासाठी
डुकराचं मांस, लोणी, पाव मांडलेले. वास धक्क्यापर्यंत.

जपान्यांच्या रांगेत एक मुलगी होती, नऊ-दहा वर्षांची.
पायांत दुरंगी बूट, काखेत बेसबॉलचा हातमोजा.
जन्म कॅलिफोर्नियाचा, एक खलाशी मागाहून बोलला.
तिच्याच देशानं तिला तारेच्या कुंपणात ठेवली होती,
आता घरी धाडत होता,
जिथं ती कधी गेलीच नव्हती.

ती दादांपाशी थांबली. इंग्रजीत विचारलं,
हा देश कुठला?

दादांचं इंग्रजी धक्क्यापुरतं : हाऊ मेनी, स्लो, स्टॉप.
तरी एवढं कळलं.
पोर्तुगाल म्हणावं, तर जीभ वळेना.
हिंदुस्थान म्हणावं, तर मागे शिपाई उभा
आणि आग्वादचा तुरुंग काही लांब नाही.
म्हणाले, मुरगाव.
तिनं मान हलवली,
जणू शाळेत शिकवलेलं बरोबर निघालं.

मग एकसष्टचा डिसेंबर.
बोरीचा पूल पडलेला, फौज आत आलेली,
रेडिओचा आवाज सवयीनं बारीक.
न्यूयॉर्कच्या परिषदेत अमेरिकेचा माणूस
फार दुःखानं बोलला, अशी बातमी :
बळानं प्रश्न सोडवू नयेत.
खोटं नव्हतं ते. मला तर तेव्हा पटलंही,
चौदा वर्षांची होते, खिडक्या थरथरताना ऐकलेल्या.
पण पत्रादेवीला हात रिकामे असलेली माणसं पडली,
त्याच वर्षी त्यांच्याच मंत्र्यानं
आम्हाला लिस्बनचा प्रांत म्हटलं होतं, सही करून.
आणि अझोरेस बेटांवरची धावपट्टी,
जिच्यावर त्यांची विमानं तेल भरायला उतरत,
ती बातमीत कुठंच आली नाही.

मला वाटलं, दादा रागावतील.
त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली.
म्हणाले, त्या पोरीनं निदान विचारलं होतं.

पुढे मी वास्कोत इतिहास शिकवला, बत्तीस वर्षं.
शीतयुद्ध, अलिप्तता, टिपा लिहा, पाच गुण.
वही वर्गात कधी नेली नाही.
नेऊन काय सांगणार?
पोरं विचारायची, बाई, अमेरिका चांगली की वाईट,
आणि घंटा व्हायची.

आता त्याच बंदरातला कोळसा
माझ्या दोरीवरच्या कपड्यांवर येऊन बसतो.
काल चष्मा पुसून ते पान पुन्हा मोजलं.
डावीकडे जपानी, उजवीकडे अमेरिकन,
मध्ये पट्टीनं आखलेली रेघ.
तिच्यावरच, कुठल्याच रकान्यात नाही अशी,
एक उभी रेघ आहे. शाई जरा पसरलेली.
ती धरली नाही
तर हिशेब जुळतो.